जुळत नाही त्या नळीपाशी थांब

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इम्युनोहिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्तगट आणि रक्तसंक्रमणाच्या शास्त्रात, एम.डी.ला प्रवेश घेतलास, मनापासून आनंद झाला. रक्तपेढीत बसून डॉक्टरने करायचं तरी काय, असं घरचे विचारतात म्हणतेस. त्यांना कळायला थोडा वेळ लागेल, लागू दे. प्रबंधाचा विषय कुठे शोधायचा, हा तुझा प्रश्न मात्र थांबणारा नाही.

विषय सापडतो तो जिथे जुळत नाही तिथे. तुझ्या हाताखालून रोज ढिगाने नळ्या जातील. लाल पेशींवरून काढलेला गट आणि सिरमवरून, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागावरून, काढलेला गट, म्हणजे आपला फॉरवर्ड आणि रिव्हर्स, बहुतेक वेळा एकमेकांना दुजोरा देतील. एखाद्या दिवशी देणार नाहीत. नमुन्यावरचं नाव चुकलंय का, अँटिसेरा, म्हणजे गट ओळखायचं द्रावण, खराब झालाय का, रुग्णाला आधी रक्त दिलंय का, हे सगळं आधी बघ. बघून झाल्यावरही विसंगती उरली, तर ती नळी बाजूला सारू नकोस. मागून क्रॉस-मॅचचे, म्हणजे पिशवी त्या रुग्णाला चालेल का या तपासणीचे, फोन वाजत असतील, तरीही.

मुंबईत हे घडून गेलेलं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन माणसांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांच्या पेशींवर ए नाही, बी नाही; म्हणजे वरवर पाहता ओ गट. पण त्यांचं सिरम ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींनाही एकमेकींना चिकटवून त्यांच्या गुठळ्या करत होतं. तेव्हाच्या समजुतीत याला जागाच नव्हती. तो लेख तू मुळातून वाच, छोटासाच आहे. लेखकांच्या यादीत लंडनचे रेस आणि सँगर आहेत, मॉर्गन आणि वॉटकिन्सही आहेत. परळच्या माणसांनी आपलं निरीक्षण घट्ट धरलं, आणि त्या काळात या विषयातलं जगातलं सर्वात जाणतं मंडळ त्यांच्यासोबत उभं राहिलं.

पुढे उलगडलं ते असं. ए आणि बी हे अँटिजेन, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणा, एच नावाच्या पायावर बांधले जातात. ओ गटाच्या माणसाकडे हा पाया भरपूर असतो, वर बांधकाम झालेलं नसतं इतकंच. मुंबईच्या त्या तिघांसारख्या, म्हणजे बॉम्बे गटाच्या, माणसाकडे पायाच नसतो. त्यामुळे त्याच्या शरीराला एच परका, आणि त्याच्या सिरममध्ये जोरकस अँटि-एच, म्हणजे एचवर चाल करणारी अँटिबॉडी. ती शरीराच्या तापमानालाही काम करते, म्हणून ओ रक्ताची एक पिशवी अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास जातं. एच घडवणारं जनुक म्हणजे एफयूटी-१. भारतात वारंवार आढळणाऱ्या प्रकारात या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं आणि शेजारचं एफयूटी-२ गळूनच गेलेलं असतं.

हे सगळं तुला पुस्तकातही मिळेल. मला सांगायचंय ते निराळं आहे. फक्त फॉरवर्ड ग्रुपिंग करणाऱ्या ठिकाणी हा माणूस 'ओ पॉझिटिव्ह' म्हणून नोंदला जातो, आणि त्याच्या कार्डावर आयुष्यभर तेच राहतं. रिव्हर्समध्ये ओ पेशींची नळी लावायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती नळी कधीही गाळू नकोस, आणि तुझ्या हाताखालच्या तंत्रज्ञांना ती का लावायची हे नीट समजावून सांग. कारण कळलेला माणूस रात्रपाळीतही ती लावतो.

आता प्रतिकारशक्तीकडे येते, तुझी खरी ओढ तिकडे आहे. रोज रक्तपेढीत बसणाऱ्याला इम्युनॉलॉजी जितकी जवळून दिसते तितकी क्वचितच कुणाला दिसत असेल. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. आपण ए-बी-ओ आणि आरएच-डी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं ते) जुळवून पिशवी देतो, पण लाल पेशींवर आज माहीत असलेले अँटिजेन तीनशेहून अधिक आहेत. त्यातल्या एखाद्याला त्या मुलाचं शरीर परकं ठरवतं आणि अँटिबॉडी तयार करतं. आपल्याकडे अशा मुलांत आरएच गटातल्या डी सोडून इतर अँटिजेनविरुद्ध आणि केल नावाच्या रक्तगटाविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त सापडतात.

त्यातही किड नावाच्या आणखी एका रक्तगटाच्या अँटिबॉडीकडे विशेष लक्ष दे. १९४५ मध्ये कूम्ब्स, मॉरंट आणि रेस यांनी दिलेली, पेशीवर गुपचूप बसलेली अँटिबॉडी उघड करणारी चाचणी नसती, तर ती बहुधा दिसलीच नसती. ती पेशीवर बसते, पण पेशींच्या गुठळ्या करत नाही. आणि ती विरून जाते. समज, एका बाईंना सोलापुरात बाळंतपणात रक्त दिलं, त्यातून अँटि-किड तयार झाली. वर्ष-दोन वर्षांत तिची पातळी आपल्या चाचणीला दिसेनाशी होते. पुढे त्याच बाई पुण्यात ऑपरेशनला येतात. अँटिबॉडी स्क्रीन निगेटिव्ह, क्रॉस-मॅच सुसंगत, रिपोर्टात काडीचीही चूक नाही. पण एकदा भेटलेला परका लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी काही विसरलेल्या नसतात. रक्त चढल्यावर अँटिबॉडी पुन्हा वेगाने बनते, दिलेल्या पेशी फुटू लागतात; आठवड्याभरात हिमोग्लोबिन घसरतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, आणि वॉर्डात सगळे जंतुसंसर्ग शोधत बसतात.

त्या बाईंच्या पर्समध्ये 'अँटि-किड आढळली होती' असं लिहिलेलं एक कार्ड असतं तर हे टळलं असतं. तुझ्यासाठी इथे एक विषय आहे. तुमच्या भागात वारंवार रक्त घेणाऱ्या किती रुग्णांकडे असं कार्ड आहे? एकदा सापडलेली अँटिबॉडी सहा महिन्यांनी, वर्षाने किती जणांत दिसते? याला महागडं यंत्र लागत नाही. सेल पॅनेल (अँटिजेन माहीत असलेल्या पेशींचा संच), चिकाटी आणि नीट ठेवलेली वही एवढं पुरतं.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे, आणि मी त्यातच आयुष्य घातलं. तेच परकं रक्त मिळूनही काही जण अँटिबॉडी बनवतात आणि बरेच जण अजिबात बनवत नाहीत. असं का? एचएलए, म्हणजे परकं काय ते प्रतिकारशक्तीला दाखवणारी प्रथिनं, त्यांचा वाटा आहे. रक्त चढवताना शरीरात दाह चालू होता की नव्हता, यानेही फरक पडतो असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. १९७३ मध्ये ओपेल्झ आणि टेरासाकी यांनी दाखवलं, की मूत्रपिंड बसवण्याआधी ज्यांना रक्त दिलं गेलं होतं त्यांचं मूत्रपिंड जास्त टिकलं. अपेक्षा बरोबर उलट होती. परकं रक्त प्रतिकारशक्तीला कधी चेतवतं आणि कधी शांत करतं, हे आजही पुरतं हाती आलेलं नाही. एम.डी.च्या तीन वर्षांत त्याला हात घालू नकोस, पीएच.डी.साठी राखून ठेव.

न जुळण्याचा आणखी एक प्रकार असतो. नळीतलं सगळं ठीक असतं, पण निकाल लोकांच्या आशेशी जुळत नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा द्यावा असं सगळ्यांना वाटत होतं. कल्पनेत खोट नव्हती. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी सिरममधून प्रतिकारशक्ती देता येते हे दाखवलंच होतं. आयसीएमआर या आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरीही चाचणी घेतली. ३९ रुग्णालयं, मध्यम आजाराचे ४६४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी. आजार तीव्र होणं किंवा २८ दिवसांत मृत्यू, याचं प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के निघालं. ऑक्टोबर २०२० मध्ये हे 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. टीकाही झाली: दिलेल्या प्लाझ्मात पुरेशा अँटिबॉडी होत्या का, हे आधी मोजलेलं नव्हतं. ती टीका रास्त होती. पण ब्रिटनमधल्या ११ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत प्लाझ्मातल्या अँटिबॉडी मोजून घेतल्या, तरी फायदा दिसला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये लोक तरीही प्लाझ्मासाठी रात्र-रात्र फोन करत होते. मे महिन्यात तो राष्ट्रीय उपचारसूचीतून काढला गेला. 'उपयोग नाही' हे ऐन साथीत, आकड्यांनिशी सांगणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला फार आदर आहे. तुझ्या प्रबंधाचा निकाल असा निघाला, तर तो तसाच, पूर्ण लिही. गाइडने भुवया उंचावल्या तरी लिही.

आणि शिबिरांना जा. नमुने गोळा करून परतायचं असं नाही, दिवसभर तिथे बस. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, माणसं गावाला जातात आणि पेढ्यांचे फ्रीज रिकामे पडतात, तेव्हा तर नक्की जा. हिमोग्लोबिन १२.५च्या खाली म्हणून किती बायकांना परत पाठवावं लागतं ते डोळ्यांनी बघ. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, हा आकडा तिथे चेहऱ्यांनिशी भेटतो. परत जाणारीला कारण सांग, पुढे कुठे तपासायचं तेही सांग. नुसतं 'कमी आहे' म्हणून उठवू नकोस.

रक्तदात्याशी आपलं देणं पिशवीपाशी संपत नाही. एखाद्या तरुणात बॉम्बे गट सापडला, तर त्याला पुढे ओ रक्त कधीच चालणार नाही ही बातमी तू देणार आहेस. त्याला बसवून घे, लेखी दे. त्याच्या सख्ख्या भावंडांत प्रत्येकी चारात एक शक्यता आहे, म्हणून सगळ्यांना बोलाव. घरात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असेल तर चौकशी आणखी पुढे ने, दोष न देता. दुर्मीळ रक्तदात्यांच्या नोंदणीत नाव घालायचं की नाही, हे त्याला ठरवू दे. आणि तपासणीनंतर उरलेलं सिरम संशोधनाला वापरायचं असेल, तर त्याची परवानगी आधी घेतलेली असली पाहिजे.

पुढच्या पत्रासोबत दोन गोष्टी पाठव. तुमच्या रजिस्टरमधल्या गेल्या वर्षीच्या सगळ्या ग्रुपिंग विसंगतींची यादी, रुग्णांची नावं काढून, आणि प्रत्येकीपुढे शेवटी काय निघालं ते. काहीच निघालं नसेल तर तो रकाना कोरा ठेव. दुसरं म्हणजे संमतिपत्राचा मराठी मसुदा. तो मला पाठवण्याआधी शिबिरातल्या एखाद्या रक्तदात्याला वाचायला दे, आणि तो जिथे जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करून तसाच पाठव.