शाफ्टची चावी सारखी कापते, मग कसली घालायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. चरकाला १० एचपीची मोटर, रूळ मिनिटाला साधारण १५ फेरे फिरतो. रुळाच्या शाफ्टवर जो मोठा गिअर आहे त्याची चावी (शाफ्ट आणि गिअरच्या खाचेत बसणारी पट्टी) हंगामात दोन-तीनदा जाते. शाफ्ट ७५ मिमी, चावी २० बाय १२, लांबी १००. आमचा टर्नर म्हणतोय हायस्पीडचा (कापायच्या हत्यारांच्या कडक पोलादाचा) तुकडा घालू, परत बघायला नको. घालू का? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : नको दादा, अजिबात घालू नका. चावी गेली तर दोनेकशे रुपयांत आणि तासाभरात काम होतं, पण शाफ्टची खाच फाटली किंवा गिअरचा हब (शाफ्टवर बसतो तो मधला भाग) तडकला तर ऐन हंगामात ऊस दारात वाळत पडेल आणि काहील थंड. हायस्पीडचा तुकडा कडक आहे पण ठिसूळ पण आहे, तो शाफ्टपेक्षा कडक असल्यामुळे स्वतः दबत नाही, खाचेची भिंत दाबतो, आणि खाचेच्या तळाच्या कोपऱ्यातून शाफ्टला चीर जाते. चावी ही शाफ्टपेक्षा थोडी मऊच असायला पाहिजे.

आता ती का जाते ते बघू, कारण तुमच्या केसमध्ये आकड्यांतच उत्तर आहे. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट. मोटरच्या तोंडाला १४४० फेऱ्यांवर फिरवायचा जोर (टॉर्क) जेमतेम ५० न्यूटन मीटर असतो, तिथली १० बाय ८ ची चावी आयुष्यभर जाणार नाही. पण गिअरमधून फेरे १५ वर आले की तोच जोर ४७०० च्या पुढे जातो (घर्षणात जातो तो सोडा). ७५ च्या शाफ्टवर म्हणजे चावीच्या अंगावर सुमारे १२७ किलोन्यूटन, तेरा टन धरा. कापायच्या हिशोबाने हे चौरस मिमीला ६४ न्यूटन, चालून जातं. खरी मेख दाबात आहे. हबमध्ये चावी ४.९ मिमीच शिरलेली असते, तेवढ्या पट्टीवर हा भार आला की चौरस मिमीला २६० न्यूटन होतात, आणि साधं एमएस (माइल्ड स्टील) २५० ला दबायला लागतं! म्हणजे तुमची चावी आधी कडेने चेपते, मग ढिली होते, मग ठोके खाते, आणि शेवटी कापते. त्यात मोळी जाड घातली किंवा उसातून लोखंडाचा तुकडा गेला आणि चरक अडकला तर मोटर दुपटीच्या वर जोर मारते.

म्हणून मटेरियल घ्या ईएन ८ नाहीतर सी ४५ (दोन्ही एमएसपेक्षा मजबूत पोलादं) ची ब्राइट बार, म्हणजे मापात आणलेली गुळगुळीत पट्टी, तुटायची ताकद चौरस मिमीला ६०० न्यूटनच्या वर. काळी रोल केलेली पट्टी घेऊ नका, तिचं माप जागोजागी बदलतं आणि वर पापुद्रा असतो. बेळगावला उद्यमबागेत घ्यायला गेलात तर व्हर्नियर खिशात ठेवा, २० च्या बारला २०.०० ते १९.९५ इतकंच चालतं, तीन जागी मोजा. हबमध्ये जागा असेल तर लांबी १३० करा, दाब २०० पर्यंत उतरतो. तरी भागलं नाही तर दुसरी खाच पाडून दोन चाव्या बसवा, भार अगदी निम्मा होत नाही पण बराच हलका होतो.

बसवताना एक गोष्ट सगळीकडे चुकते, मला मनापासून वाईट वाटतं बघून. सरळ चावी कडेने ओढते, वरून नाही. २० बाय १२ ला शाफ्टमध्ये ७.५ आणि हबमध्ये ४.९ खोली असते, बेरीज १२.४, म्हणजे वर ०.४ ची फट राहणारच, ती राहायला हवी. लोक ती फट बघून वर पत्रा ठोकतात, त्याने गिअर एका बाजूला सरकतो आणि दात खातो. वर घट्ट बसते ती डोक्याची उतरती चावी, १०० ला १ उताराची, ती वेगळी. जुनी चावी काढल्यावर आजूबाजूला तांबूस भुकटी दिसली तर समजा चावी कडेने हलत होती, मग खाच साफ करून एक माप मोठी पाडून घ्या, नुसती नवीन चावी महिनाभरच टिकेल.

प्रश्न : वडगावात आमचे जुने माग आहेत. पुलीला ६ मिमीची चावी घातली तरी ठकठक करते. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचा माग इंची मापाचा आहे हो. खाच पाव इंच, म्हणजे ६.३५, त्यात ६ ची चावी घातली की ०.३५ मोकळी. माग दर धोट्याला झटका देतो, तेवढ्या ढिलाईत खाच बशीसारखी होते. पाव इंची बार मागा, नाही मिळाली तर ८ ची घेऊन ग्राइंड करून उतरवा, हाताने दाबून शेवटी लाकडी हातोडीने बसेल इतकी. ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) चावीच्या डोक्यावर घ्या, तो फक्त सरकू नये म्हणून, ओढायचं काम त्याचं नाही.

प्रश्न : आमच्याकडे कुंदा करायला खवा आटवायचं मशीन आहे. रोज धुतल्यामुळे ढवळणीची चावी गंजते. स्टीलची घालू का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : घाला ताई, ३०४ नंबरच्या स्टेनलेसची घाला, गंज खव्यात जाण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत असं नाही, साधं नरम ३०४ हे चौरस मिमीला २०५ न्यूटनलाच दबायला लागतं, ईएन ८ पेक्षा खूप आधी. म्हणून लांबी होईल तेवढी पूर्ण घ्या. आणि स्टेनलेसच्या शाफ्टमध्ये स्टेनलेस चावी कोरडी ठोकली की दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात, काढताना शाफ्ट खरवडतो, तेव्हा खाण्याच्या मशीनला चालणारं ग्रीस बोटाने लावून मगच सरकवा.