इस्ट्रोजेन तर बायकांचं हार्मोन ना? मग पुरुषांच्या शरीरात त्याचं काय काम?

हाडं, चरबीवर ताबा आणि कामेच्छा, या तिन्हींसाठी पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतं. शरीर ते अरोमाटेज या एन्झाइमच्या मदतीने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासूनच बनवतं. सगळ्यात बोलका पुरावा हाडांचा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची केस प्रसिद्ध केली. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, पण इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतला त्याचा संदेश घेणारा भाग, सदोष. त्यामुळे इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि तो अजून वाढतच होता! हाडंही ठिसूळ. कारण लांब हाडांच्या टोकांची वाढ थांबवणं आणि हाडं घट्ट ठेवणं हे मुख्यतः इस्ट्रोजेनचं काम. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात पुरुषांचं इस्ट्रोजेन दाबलं तेव्हा चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. स्नायू आणि ताकद मात्र टेस्टोस्टेरॉनच्याच हिशेबात.

अर्थात जास्त झालं तरी पंचाईत. चरबीतही अरोमाटेज असतं, त्यामुळे लठ्ठपणात इस्ट्रोजेन वाढू शकतं. टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत ते जास्त झालं की छाती स्तनांसारखी वाढू शकते. पण म्हणून जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या घेऊ नका. आधी रक्ततपासणी, मग एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर.