थंडीत मेंढ्यांचे अंग उतरू नये म्हणून काय करावे?

आपला प्रश्न असा आहे : आटपाडी भागात आपल्याकडे ४० मेंढ्या आहेत, गेल्या हिवाळ्यात त्या खंगल्या, काही गाभण मेंढ्या व्यायच्या आधीच बसल्या, तर यंदा कडाक्याची थंडी पडली तरी त्यांचे अंग कसे टिकवावे? मी शेजारच्या माण तालुक्यातला. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरे आहेत आणि ही अडचण मी स्वतः सोसलेली आहे.

थंडीतल्या मेंढीची प्रकृती पौषात सुधारता येत नाही, ती आश्विन-कार्तिकातच ठरलेली असते. एकदा रोडावलेली मेंढी चांगला चारा मिळूनही पुन्हा अंग धरायला सहा ते आठ आठवडे घेते, आणि तेवढ्यात थंडीही सरते व वेतही होऊन जाते. म्हणून दसरा झाला की एके दिवशी सर्व मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून पाहावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये, कारण दख्खनी मेंढीची लोकर वाढलेली असली की आतली हाडे दिसत नाहीत.

हात ठेवायची जागा म्हणजे शेवटच्या बरगडीच्या मागची कंबर. तिथे मधला कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेली आडवी हाडे बोटांनी चाचपावीत. मूठ आवळल्यावर बोटांच्या सांध्यांची हाडे जशी टोकदार लागतात तसा कणा लागला आणि आडव्या हाडांखाली बोटे सहज शिरली, तर ती मेंढी खंगलेली आहे. पंजा सरळ ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर लागते तसे, म्हणजे हाडे कळतात पण टोचत नाहीत असे वाटले, तर ती ठीक आहे. पशुवैद्यक याला १ ते ५ असे गुण देतात. गाभण मेंढी व्यायच्या वेळी अडीच ते तीनच्या दरम्यान असावी. चारच्या वर गेलेली लठ्ठ मेंढीही वेताच्या वेळी अडचणीत येते. ज्या दोनच्या खाली असतील त्यांच्या कानाला किंवा पाठीला रंग लावून त्यांची वाघर वेगळी करावी, कारण कळपात धडधाकट मेंढ्या दुबळीला खुराकापर्यंत पोहोचूच देत नाहीत. त्याच वेळी तोंड उघडून दातही पाहावेत. समोरचे दात पडलेली म्हातारी मेंढी कितीही जीव लावला तरी हिवाळ्यात तग धरत नाही. ती आधीच बाजारात न्यावी.

आता व्यायच्या आधीच बसलेल्या मेंढ्यांविषयी. मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते, त्यामुळे आषाढ-श्रावणात फळलेल्या मेंढ्या नेमक्या मार्गशीर्ष-पौषात व्यायला येतात. पोटातल्या कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. जुळी असतील तर गर्भ इतकी जागा घेतो की पोटात चारा मावत नाही, आणि मेंढी स्वतःची चरबी जाळू लागते. ही चरबी वेगाने जळली की रक्तात विषारी घटक साठतात. काही वर्षांपूर्वी आमची एक चांगली मेंढी कळपापासून बाजूला उभी राहू लागली, खाईना, डोळे उघडे असूनही तिला दिसेना, आणि तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही. आम्ही तिला थंडी बाधली असे समजत होतो. पोटात जुळी होती हे नंतर कळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळे देणारा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली आहे. त्या रक्ताच्या मेंढ्या आपल्याकडे असतील, तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

म्हणून शेवटच्या सहा आठवड्यांत प्रत्येक गाभण मेंढीला रोज पाव किलो खुराक द्यावा : भरडलेला मका, थोडी शेंगदाणा पेंड, गव्हाचा भुसा आणि चिमूटभर खनिज मिश्रण. सुरुवात मूठभरापासून करून आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे, कारण एकदम धान्य पोटात गेले तर आम्ल वाढून मेंढी दगावते. आपल्या ४० पैकी २५ गाभण धरल्या तर ४२ दिवसांना सुमारे २६० किलो खुराक लागतो. हा खर्च मोठा वाटतो, पण दोन मेंढ्या आणि त्यांची कोकरे वाचली तरी तो भरून निघतो असा माझा अनुभव आहे.

चाऱ्याच्या बाबतीत आपल्या भागातील एक मोठी चूक उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची, आहे. कारखाने सुरू झाले की वाढे मुबलक मिळते, मेंढ्यांचे पोट फुगलेले दिसते आणि आपण निश्चिंत होतो. परंतु वाढ्यात प्रथिने फार कमी आणि ऑक्झलेट जास्त असते, जे शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे वाढ्याबरोबर भुईमुगाचा पाला, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट आणि सुबाभळीचा थोडा पाला द्यावाच. बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर उत्तम. संध्याकाळी वाघरीत परतल्यावर मूठ-मूठ कडबा टाकावा, कारण तो पोटात आंबताना उष्णता निर्माण होते आणि ती रात्रभर पुरते. कापणीनंतर ज्वारीच्या सडांना आलेले कोवळे फुटवे मात्र चारू नयेत. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतले विष, लागून मेंढी तासाभरात जाऊ शकते.

थंडीपेक्षा वारा अधिक बाधतो. वाघरीच्या वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या किंवा ताडपत्री उभी करावी आणि खाली उसाचे कोरडे पाचट पसरावे. कातरणी दसऱ्याच्या सुमारास उरकावी, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुरुवातीला, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथापर्यंत अंगावर लोकर येते. माडग्याळ जातीच्या मेंढीला तशीही लोकर कमी असते, म्हणून तिला आडोसा आधी द्यावा. सकाळी दव उडाल्याशिवाय मेंढ्या सोडू नयेत, कारण ओल्या गवताच्या टोकाशी जंतांची पिल्ले चढलेली असतात.

जंतांचे औषध पावसाळा संपताच, वजन पाहून आणि पूर्ण मात्रेत द्यावे. अल्बेंडाझोल मात्र गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, त्याने गर्भात व्यंग येते. डोळ्याची खालची पापणी उलटून ती पांढरी दिसली, तर चारा वाढवण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात लेंडी तपासून घ्यावी. जंत रक्त पीत असताना दिलेला खुराक अंगी लागत नाही, आणि गेल्या वर्षी चारा असूनही आपल्या मेंढ्या खंगल्या असतील, तर मला पहिली शंका याचीच येते.