शंका आली म्हणून प्रार्थना थांबवू नका

बाप्तिस्म्याला वर्षही झालं नाही आणि शंका येतात, म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतरही त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी (नन्सशी) पत्रांतून निकरानं वाद घालत राहिल्या, आणि ख्रिस्ताला त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

सुरुवातीच्या चुका दोनच. एक, शंका लपवून चर्चमध्ये हसतमुखानं बसणं. दुसरी, सगळी उत्तरं मिळेपर्यंत प्रार्थना बंद ठेवणं. दुसरी जास्त महाग पडते. माझी काही वर्षं त्यात गेली.

सध्या एवढंच करा:
- बायबलमधलं मार्क ९:२४ वाचा. आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप एकाच दमात विश्वासही सांगतो आणि अविश्वासासाठी मदतही मागतो. येशू त्या मुलाला बरं करतो.
- स्तोत्र १३ मोठ्यानं म्हणा. ‘कुठवर?’ हा प्रश्न त्यात चार वेळा येतो. प्रार्थनेत तक्रार चालते, अगदी चालते.
- न दचकता ऐकून घेईल असं एकच माणूस शोधा.

येशू मेलेल्यांतून उठला यावर त्याचा शिष्य थोमा यानं शंका घेतली, तरी तो शिष्यांतच राहिला. आठ दिवसांनी येशू पुन्हा शिष्यांकडे आला तेव्हा थोमा त्या खोलीत होता. ईश्वरविद्येचे जाड ग्रंथ तूर्त राहू द्या. या रविवारी उपासनेला या, शंकेसकट.