१४ वर्षांखालील बास्केटबॉल सामन्यात चार्जिंग द्यावे की ब्लॉकिंग?

ड्रिबल करत आत शिरणारा मुलगा बचावपटूवर आदळला, तर फाउल कोणाचा, आक्रमकाचा (चार्जिंग) की बचावपटूचा (ब्लॉकिंग), हे क्षणार्धात कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे. चेंडूकडे पाहणे सोडा आणि बचावपटूवर नजर ठेवा. त्याने दोन्ही पाय टेकवून समोरासमोर जागा घेतली असेल आणि धडक छातीवर बसली असेल, तर फाउल आक्रमकाचाच.

‘बचावपटू हलत होता, म्हणजे ब्लॉकिंग’ हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. एका आंतरशालेय उपांत्य सामन्यात, सिमेंटच्या मैदानावर, एक थोराड मुलगा खांदा पाडून सरळ आत घुसला. समोरचा किरकोळ अंगाचा मुलगा जागा घेऊन मागे सरकत होता. खांदा थेट त्याच्या छातीत बसला आणि तो पाठीवर आपटला. मी शिट्टी वाजवली, मूठ तळहातावर मारून चार्जिंगची खूण केली आणि त्यानंतर झालेली बास्केट धरली नाही. थोराड मुलाचा तो पाचवा फाउल असल्याने तो बाहेर गेला, आणि त्याचे प्रशिक्षक ‘पाय हलत होते की हो सर!’ म्हणत रेषेपर्यंत धावत आले. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार एकदा वैध जागा घेतली, की ती राखण्यासाठी बचावपटूला मागे किंवा बाजूला सरकता येते, आणि चेंडू ज्याच्या हाती आहे त्याला थांबायला पुरेसे अंतर देण्याचे बंधनही नसते. सामन्यानंतर मी हा नियम उघडून दाखवला, तेव्हा ‘लहान मुलांना एवढे काटेकोर नियम कशाला?’ असे उत्तर मिळाले, जे ते गृहस्थ आजही प्रत्येक स्पर्धेत ऐकवतात. पाठीवर आपटलेला मुलगा त्यांच्या हिशेबी लहान नसावा.

अर्थात, नेमबाजाने, म्हणजे बास्केटमध्ये चेंडू टाकणाऱ्याने, उडी घेतल्यावर त्याच्या खाली कोणी सरकले, तर तो निर्विवाद ब्लॉकिंग आहे आणि धोकादायकही आहे. बास्केटखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या बचावपटूवर हवेतला नेमबाज आदळला, तर सहसा चार्जिंग देत नाहीत. शाळेच्या मैदानावर ते अर्धवर्तुळ अनेकदा रंगवलेलेच नसते, म्हणून सामन्याआधी खडूने आखून घ्यावे. बचावपटूने हात किंवा गुडघा पुढे काढला असेल, अथवा तो स्वतःच पुढे जाऊन भिडला असेल, तरीही फाउल त्याचाच. त्या उपांत्य सामन्यात असे काहीही घडले नव्हते.