जुनी आय-टेन बदलायची आहे: वॅगनआर, टियागो की निओस, पैसे वसूल कशात?

तुम्ही सगळं नीट लिहिलंय. साताऱ्यात राहता, २०११ ची आय-टेन आहे, पासिंग (आरटीओची नोंदणी) संपत आलंय, महिन्याला सातशे किलोमीटर, त्यात पुण्याची एखादी फेरी, घरात चार माणसं, बजेट सात लाख. एवढं वाचून मी पुढे सरकणार होतो. पण शेवटी लिहिलंत, "रिसेल चांगली हवी." त्या वाक्यापाशी थांबलो.

पंधरा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्या माणसाने रिसेल विचारायची कशाला? तुमच्या आय-टेनचे आज जे काही येतील, त्यात ती २०११ ला कुठल्या कंपनीची घेतली होती याने किती फरक पडणार? तरी हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडात असतो, कारण तो कुणीतरी घातलेला असतो. माझ्या बाबतीत तो आमच्या साडूंनी घातला.

माझी गाडी वॅगनआर, १.२ लिटर पेट्रोल इंजिन, २०२१ ची. हे आधीच सांगतो. कंपनीचा माणूस वाटलो तर खाली त्याच गाडीबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

साडू सांगलीचे. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. माल घेतानाच विकायचा भाव डोक्यात ठेवायचा हा त्यांचा धंदाच आहे आणि त्यात ते तरबेज आहेत, वाद नाही. पण तोच नियम ते फ्लॅटला लावतात, फ्रिजला लावतात, गाडीला तर लावतातच. "पावणं, घेताना सगळेच हसतात. विकताना कोण हसतंय ते बघायचं." स्वतः दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलतात. तसं बदलणाऱ्याला रिसेल बघावीच लागते. आपल्याला नाही.

हिशोब करून बघा. पेट्रोल १०५ रुपये धरा. एक गाडी लिटरला २० देते, दुसरी १७. तुमच्या सातशे किलोमीटरला महिन्याचा फरक साडेसहाशे रुपये. रिसेलमध्ये दहा वर्षांनी पन्नास हजारांचा फरक पडतो असं धरलं, तर महिन्याला चारशेच्या आसपास. दोन्ही मिळून हजार-अकराशे. एवढे पैसे म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी घरातल्या माणसाला रोज त्रास देणारी गाडी दारात आणून ठेवायची का, याला साडूंच्या वहीत रकाना नाही.

माझ्याकडे तो रकाना आईमुळे आला. त्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, खोल सोफ्यावरसुद्धा नाही. आमची जुनी गाडी बुटकी. आई आधी पाठ आत घालायची, मग डोकं, मग एकेक पाय हाताने उचलून आत. उतरताना सगळं उलट. फिजिओथेरपीला जायचं म्हटलं की तिची तयारी गाडीसाठीच जास्त व्हायची.

गाडी बदलायची ठरल्यावर साडू मुद्दाम सांगलीहून आले, वही घेऊन. शोरूममध्ये त्यांना नेण्याचा एक मोठा फायदा आहे, तो मान्य करतो. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस दिसले की ते शोरूमच्या पोराला विचारतात, "हँडलिंग कसलं? गाडी काय टोपलीतनं आणताय?" सगळीकडे ती रक्कम खोडून घेतली. तुम्हीही खोडून घ्या, आणि टेफ्लॉन कोटिंगला सरळ नाही म्हणा.

पण बाकी सगळा वेळ ते आणि सेल्समन अ‍ॅव्हरेज आणि रिसेलवर बोलत होते, माझा मुलगा स्क्रीनला मोबाईल जोडत होता, आणि आई काठी टेकून बाजूला उभी. मी म्हटलं, आधी हिला बसू द्या, मग बाकीचं. सेल्समनला ते विचित्र वाटलं, कारण गाडी बघायला येणारा सहसा स्टिअरिंगवरच बसतो. एका शोरूममध्ये आई बसली छान, पण उठता येईना. दोन पोरांनी दोन हात धरून तिला बाहेर काढलं. ती म्हणाली, "गाडी चांगली आहे रे, मला इथंच राहू दे." गाडी कुठली ते सांगत नाही, कारण त्यात गाडीची काही चूक नाही. बुटकी गाडी दिसायला चांगली आणि वळणावर घट्ट असते.

वॅगनआरमध्ये ती बसली, वळली, पाय आत घेतले. उतरताना कुणाचा हात मागितला नाही. उंची बघा: वॅगनआर १,६७५ मिमी, टियागो १,५३५, निओस १,५२०. पंधरा सेंटीमीटरचा फरक कागदावर कुणी बघत नाही. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर तोच आधी बघा. तुम्ही चार माणसं लिहिलंत, वयं लिहिली नाहीत.

मग इंजिनाचा वाद. साडूंचं म्हणणं, एक लिटरचं घ्या. किंमत कमी, अ‍ॅव्हरेज जास्त, विमासुद्धा कमी. विम्याचं खरं आहे. २०२२ पासूनच्या दरांनी नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता १००० सीसीपर्यंत, म्हणजे एक लिटरपर्यंत, ६,५२१ रुपये आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत १०,६४०. फरक चार हजारांचा, तोही तीन वर्षांचा मिळून. त्यासाठी घाटात पंधरा वर्षं रडत चढायचं?

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमवाले वाढे फाट्यापर्यंत सरळ रस्त्याने नेऊन परत आणतात. त्यात गाडीचं काही कळत नाही, फक्त ती नवी आहे एवढं कळतं. मी म्हटलं यवतेश्वर घाट, पाच माणसं, एसी चालू. पोराने साहेबांना फोन लावला, साहेबांनी कुरकुर केली, पण गेलो. आधी एक लिटरची एक गाडी नेली, कुठली ते सोडा. समर्थ मंदिर सोडलं आणि चढ लागला तसा दुसरा गिअर धापा टाकायला लागला. वळणावर पहिला टाकावा लागला. मागून डंपर. साडू म्हणाले, "एसी बंद करा की." मी म्हटलं, अण्णा, एसी बंद करूनच चढवायची तर एसीचे पैसे कशाला द्यायचे? ते गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे पटणं असं मात्र त्यांच्या बाबतीत धरायचं नसतं.

नंतर १.२ लिटरची नेली. दुसऱ्यावर शांतपणे वर गेली. वर पोचेपर्यंत आईला झोप लागली होती. मला याहून जास्त काही बघायचं नव्हतं.

आणि आता गंमत. गाडी आली वॅगनआर, म्हणजे साडूंच्या वहीत पहिल्या नंबरावर होती तीच. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात चारचौघांत ऐकवतात, "पावण्यांनी शेवटी माझंच ऐकलं, रिसेलची गाडी घेतली." नाही घेतली. आईच्या गुडघ्यांसाठी घेतली, आणि इंजिन त्यांच्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट घेतलं. घरात हे कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुमच्यासाठी मात्र माझं उत्तर वॅगनआर असेलच असं नाही. घरात गुडघ्यांचा प्रश्न नसेल आणि पुण्याला खंबाटकीतून रात्री-बेरात्री जायचं असेल, तर मी टियागो म्हणेन. ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षा तपासतात त्या परीक्षेत, टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले, निओसला त्याच वर्षी दोन, वॅगनआरला २०१९ मध्ये दोन आणि २०२३ मध्ये एक. आता २०२२ मध्ये त्यांची परीक्षा कडक झाली, त्यामुळे २०२० चे चार आणि २०२३ चा एक हे एकाच पेपरचे मार्क नव्हेत. वॅगनआरला २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत दिल्यात, तेही खरं. पण हायवेवर ट्रकांच्या मधून जाताना हा आकडा डोक्यात राहतो, मी स्वतः आईला घेऊन ऐंशीच्या वर जात नाही. शिवाय वॅगनआरची रुंदी १,६२० मिमी, बाकीच्या दोन्ही त्याहून पाच-सहा सेंटीमीटर रुंद. मागे तीन मोठी माणसं बसणार असतील तर आधी बसवून बघा. डिकीला मात्र वॅगनआर पुढे: ३४१ लिटर. टियागो २४२, निओस २६०.

निओसबद्दल थोडक्यात. चार सिलिंडरचं इंजिन, सिग्नलला गाडी चालू आहे की बंद कळत नाही इतकी गप्प. टियागोचं तीन सिलिंडरचं, थरथर जाणवते. तुमचं सगळं फिरणं पोवई नाका ते राजवाडा असेल आणि गाडी बायकोच्या हातात जास्त असेल, तर तिला निओस आणि टियागो लागोपाठ चालवायला द्या आणि ती म्हणेल ती घ्या. यात साडूंना किंवा मला विचारायचं कारण नाही.

सीएनजी तुम्ही विचारला नाही, पण शोरूमवाले गळ्यात मारतील. पेट्रोलपेक्षा नव्वद हजार जास्त धरा. गॅस ९० रुपये किलो आणि किलोला २६, पेट्रोल १०५ आणि लिटरला १८, असं धरलं तर किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये वाचतात. नव्वद हजार भरून निघायला ३८ हजार किलोमीटर, म्हणजे तुम्हाला साडेचार वर्षं. वर पंपावरची रांग, टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) आणि डिकी गेली. टियागो आणि निओसमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवलेलं मॉडेल मिळतं, त्यात डिकी बरीचशी वाचते. तरी सातशे किलोमीटरला माझं मत पेट्रोलच. रोज कराडला जाऊन येणाऱ्याचा हिशोब वेगळा.

अजून एक, रिसेलवाल्यांसाठी. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव कोण धरून ठेवणार? आदल्या महिन्यात 'रिसेल बघून' गाडी घेतलेल्यांनी काय बघितलं होतं मग?

आय-टेन देताना दोन भाव वेगवेगळे लिहून घ्या: एक्स्चेंजशिवाय नवी गाडी केवढ्याला, आणि जुनीचे किती. एकत्र आकडा दिला की कुठे कापलं ते कळत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट नव्या गाडीला मिळते. विमा कंपनीकडून पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी दिली तरी आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा. फास्टॅग बंद करा. आणि सेकंडहँडकडे वळलात, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन विकल्या गेल्या. बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागातला गाळ धुवायला कुणी जात नाही. ही युक्ती साडूंचीच, श्रेय देतो.

तुमची आय-टेन धडधाकट असेल तर पासिंग आणखी पाच वर्षं वाढवूनही मिळतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी पाच हजार आहे, वर पर्यावरण कर. फक्त ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतं, ते सोसावं लागेल.

राहिला साडूंचा हिशोब, कारण हे उत्तर त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवणारच. अण्णा, महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के. सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. मी तो एकदा भरला. तुम्ही दर गाडीला नव्याने भरता, आणि जुनी घेणारा त्यातले तुम्हाला वेगळे काढून देत नाही. 'चांगल्या रिसेल'मधून हे वजा केलेलं पान तुमच्या वहीत कुठाय, ते दिवाळीला येताना घेऊन या.