विमान उडायच्या आधीची लढाई

तुमचे प्रश्न, जाणत्यांची उत्तरं

या महिन्याचा विषय : युद्धातलं हवाई दल. उत्तरं देताहेत वायुदलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, नागपूरचे एक इंजिन फिटर.

प्रश्न : काका, मी धरमपेठेत राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांशी नेहमी वाद होतो. ते म्हणतात, ज्याच्याकडे जास्त आणि नवी विमानं तो जिंकतो, बाकी युद्धनीती वगैरे पुस्तकातल्या गोष्टी. खरं काय? आणि ही नीती आधी ठरते की लढाई सुरू झाल्यावर?

उत्तर : बेटा, मित्रांना एवढंच विचार की लढाऊ विमान दिवसातले किती तास हवेत असतं. युद्धातसुद्धा फार थोडे. बाकीचा वेळ ते जमिनीवर उभं असतं. त्याला तेल लागतं, दारूगोळा लागतो, टायर लागतात, धावायला हजारो फुटांची धड पट्टी लागते. मोठमोठ्या देशांना हवाई युद्धाची नीती कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली, ती मुख्यतः एवढी एक गोष्ट कळायला लागली, असं माझं मत आहे. आणि ती कळली लढाई सुरू झाल्यावर, मार खाऊन.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीच्या जुलिओ दुहे या सेनाधिकाऱ्यानं १९२१ साली मांडलं की पुढच्या युद्धात विमानं सैन्याच्या डोक्यावरून थेट शहरांवर जातील, बॉम्ब टाकतील, लोक हाय खातील आणि सरकारला शरण जायला लावतील. साऱ्या युरोपानं ते मनावर घेतलं. १९३२ मध्ये ब्रिटनचे बडे नेते बाल्डविन यांनी भर संसदेत सांगितलं की बॉम्बर कसाही करून आत येणारच.

१९४० मध्ये याची परीक्षा झाली. ऑगस्टात जर्मन विमानं ब्रिटनच्या लढाऊ विमानांचे तळ फोडत होती आणि तो मार खरोखर लागत होता. ७ सप्टेंबरला त्यांनी मोर्चा लंडनकडे वळवला. सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपले आणि सकाळी उठून कामाला गेले. तिकडे तळांना मात्र उसंत मिळाली. खड्डे बुजले, विमानं दुरुस्त झाली. ब्रिटिशांकडे रडार होतं हे सगळे सांगतात. पण रडारची खबर मिनिटामिनिटाला नियंत्रण कक्षात आणि तिथून तळावर पोचवायची जी घडी ब्रिटिश लढाऊ विमानांचे प्रमुख डाउडिंग यांनी बसवली होती, तिचं मोल मला जास्त वाटतं. त्यामुळे विमानं उगाच आकाशात घिरट्या घालत ठेवावी लागली नाहीत. तेलही वाचलं, वैमानिकही वाचले.

मग ब्रिटिश स्वतः जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघाले, आणि १९४१ च्या ऑगस्टात त्यांनी आपल्याच विमानांनी काढलेले फोटो तपासले. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलेलं निघालं. पाच मैल म्हणजे नेम धरायचा सीताबर्डीच्या किल्ल्यावर आणि बॉम्ब सोनेगावच्या विमानतळावर पडला तरी बरोबर धरायचा. बाकीचे दोघं तर त्याहून लांब.

अमेरिकन म्हणाले, आम्ही दिवसाउजेडी जातो, नेमके कारखाने फोडतो. १४ ऑक्टोबर १९४३ ला त्यांची २९१ बी-१७ बॉम्बर विमानं श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर निघाली. सोबतच्या लढाऊ विमानांचं तेल अर्ध्या वाटेत संपत आलं, ती परत फिरली, आणि पुढं जर्मन वाट बघत होते. ६० बॉम्बर आले नाहीत. एकेका विमानात दहा-दहा पोरं. उपाय सापडला तो पंखाखाली लावायच्या जादा टाक्यांत आणि लांब पल्ल्याच्या मस्टँग या लढाऊ विमानात. आता लढाऊ विमानं बर्लिनपर्यंत जाऊ लागली. १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकन हवाई सेनापती डूलिटलनी आपल्या वैमानिकांना सांगितलं की बॉम्बरला चिकटून बसू नका, जर्मन विमानं शोधा, हवेत सापडली तर हवेत, तळावर सापडली तर तळावर. मे महिन्यापासून तेलाचे कारखाने फोडायला सुरुवात झाली. त्या वर्षी जर्मनीनं आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त विमानं बनवली होती, बेटा. तुझ्या मित्रांच्या हिशेबानं त्यांनी जिंकायला हवं होतं. पण नव्या पोरांना उडायला शिकवायलाही तेल उरलं नाही. शत्रूची का असेनात, तेलावाचून नुसती उभी असलेली नवी कोरी विमानं डोळ्यांसमोर आली की माझ्यातल्या फिटरच्या पोटात आजही कालवतं.

आता आपलं सांगतो. ६ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर आपली दहाएक विमानं जमिनीवरच जाळली. मी १९६८ ला भरती झालो तेव्हा तिथून आलेले सीनियर त्याबद्दल बोलताना खाली बघायचे. मधल्या काळात जून १९६७ मध्ये इस्रायलनं एका सकाळी इजिप्तचं हवाई दल जवळजवळ सगळं तळावरच संपवलं. आधी रनवे उखडले, मग अडकलेली विमानं. इस्रायलची विमानं संख्येनं कमीच होती. पण परत आलेलं विमान तेल-बॉम्ब भरून काही मिनिटांत पुन्हा सोडणारे फिटर आणि आर्मरर, म्हणजे दारूगोळा चढवणारे, त्यांच्याकडे होते. एक विमान दिवसातून चार वेळा गेलं तर ती चार विमानंच झाली.

आपण धडा घेतला. तळातळावर ब्लास्ट पेन बांधले गेले. विमान एकेकटं आत उभं राहील असे मातीच्या आणि काँक्रीटच्या भिंतींचे गोठे म्हण. ३ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्ताननं आपल्या तळांवर हल्ला केला, तेव्हा मी उत्तरेतल्या एका तळावर अशाच एका पेनमध्ये इंजिनाचं झाकण उघडून बसलो होतो. जमीन हलली, वरून माती पडली, आणि मी आधी झाकण लावलं. आमचं एकही विमान गेलं नाही. बॉम्ब पडले ते रनवेवर.

खड्डे बुजवायचं काम दुसऱ्या तुकडीचं होतं. आमच्या वाट्याला खडे आले. ब्लॅकआउट होता, म्हणून टॉर्चच्या काचेला कार्बन पेपर लावला. चाळीसेक जण खांद्याला खांदा लावून रनवेच्या रुंदीत उभे राहिलो आणि वाकून, पावलापावलानं, हातानं खडे वेचत निघालो. जेट इंजिन समोरची हवा ओढतं तेव्हा हरभऱ्याएवढा खडाही ओढून घेतं. तो कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यावर बसला की पातं तुटतं, तुटलेलं पातं मागच्या पात्यांत जातं आणि इंजिन संपतं. वैमानिकाला तेव्हा चाक उचलायलाही वेळ मिळत नाही. डब्बे पुरेनात म्हणून खिशांत खडे भरले. माझ्या पॅन्टचे दोन्ही खिसे त्या रात्री फाटले. गुडघे आणि बोटं कुठं संपतात ते थंडीनं कळेनासं झालं होतं. पहाटे पहिलं विमान सुटलं तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हतो, डोळे मिटून फक्त आवाज ऐकत होतो. आवाज एकसारखा होता.

प्रश्न : १९७१ ला ढाक्यातली पाकिस्तानी सेबर विमानं बरीचशी शाबूत होती असं वाचलं. मग ती लढली का नाहीत? (एक निवृत्त शिक्षिका, वर्धा)

उत्तर : बाई, लढली. पहिले दोन दिवस चांगलीच लढली आणि आपलीही विमानं पाडली. पूर्वेकडे त्यांची एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, होती आणि ती ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर. आपल्या हंटर आणि सुखोई विमानांनी तिला जमिनीवर गाठायचा प्रयत्न केला, पण ती नीट लपवलेली होती. मग डाव बदलला. विमानं सापडत नाहीत ना, राहू देत. ६ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी उंचावरून सूर मारत ५०० किलोचे बॉम्ब थेट रनवेवर टाकले. रात्री त्यांचे लोक खड्डे बुजवायचे, आपली विमानं परत येऊन नवे पाडायची. सेबर तशीच उभी राहिली आणि वैमानिक ब्रह्मदेशमार्गे निघून गेले.

युद्ध चालू असताना, दोन दिवसांत केलेला हा बदल मला त्या लढाईतला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यानंतर पूर्वेचं आकाश आपलं झालं, म्हणून तर ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरनं मेघना नदीपार सैन्य नेता आलं आणि ११ ला टांगाइलला छत्रीधारी उतरवता आले. ढाक्याच्या आकाशात सेबर असत्या तर सैन्यानं भरलेली ती संथ विमानं कोण पाठवणार?

हाच डाव पाकिस्ताननं आपल्यावरही टाकला होता, गुजरातेत भुजला. रनवे उखडला गेला. तिथले तळप्रमुख विजय कर्णिक, आपल्या नागपूरचेच. त्यांनी शेजारच्या माधापर गावाला हाक दिली आणि सुमारे तीनशे बायका आल्या. भोंगा वाजला की झुडपांत शिरायचं, विमानं गेली की पुन्हा घमेली उचलायची. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली. तुम्ही शिक्षिका होतात म्हणून मुद्दाम सांगतो, हवाई युद्धाचा धडा मुलांना शिकवायचा तर या बायकांपासून सुरू करावा.

प्रश्न : कारगिलला सुरुवातीला आपली विमानं का पडली? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : भाऊ, थोडक्यात सांगतो. २६ मे १९९९ ला हल्ले सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण गमावलं. एका विमानाचं इंजिन बंद पडलं, बाकी दोन क्षेपणास्त्रांनी पाडली. शिखरावर बसलेल्या शत्रूकडे खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं होती. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा सरकारचा आदेश होता, त्यामुळे कुठून यायचं हेही मर्यादितच. मग सशस्त्र हेलिकॉप्टर हल्ल्यातून काढली, विमानं क्षेपणास्त्राच्या टप्प्याच्या वरून जाऊ लागली आणि मिराज लढाऊ विमानं कामाला लावली. १७ जूनला त्यांनी मुंथो ढालोचा तळ उडवला, तो शत्रूचा रसद साठवायचा तळ होता. परत तेच. माणसापेक्षा त्याचं धान्य आणि गोळी.

प्रश्न : माझा मुलगा वायुदलात तांत्रिक ट्रेडला निवडला गेला. नातेवाईक म्हणतात, "पायलट नाही ना झाला!" तो खचलाय. आम्ही फुटाळ्याजवळ राहतो, वर वायुसेनानगर आहे, पण तिथं लढाऊ विमानं काही दिसत नाहीत. तांत्रिक लोकांना खरंच काही मान असतो का? (एक आई)

उत्तर : ताई, तुमच्या डोक्यावरच्या त्या टेकडीवर वायुदलाच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय आहे. ओझरला सुखोई उघडून पुन्हा नवी केली जातात, चंडीगडला हेलिकॉप्टर, आणि देशभरातल्या अशा दुरुस्ती-डेपोंचा आणि सुट्या भागांच्या कोठारांचा कारभार तिथून चालतो. शहरावरून लढाऊ विमानं घोंघावत नाहीत म्हणून नागपूरकरांना वाटतं, इथं नुसती कचेरी आहे. सीमेवरच्या तळावर उद्या सकाळी किती विमानं उडतील याचं अर्धं उत्तर या कचेरीत असतं.

मुलाला एक गोष्ट सांगा. प्रत्येक विमानाची एक वही असते, तिला आम्ही फॉर्म ७०० म्हणतो. कुठला नट बदलला, कुठली गळती बंद केली, सगळं त्यात लिहून खाली सही करायची असते. वैमानिक विमानात चढण्याआधी ती वही वाचतो आणि मग आपली सही करतो. माझ्या सहीखाली कितीतरी वैमानिकांनी सही केली. त्यातला एक १९७१ मध्ये परत आल्यावर सरळ माझ्याकडे आला, हातातला मोजा काढून माझ्या ग्रीसनं माखलेल्या हातात हात दिला, आणि काही न बोलता जेवायला गेला. असा मान असतो, ताई.

तो बहुधा पहिल्यांदा बेळगावजवळ सांब्र्याला, वायुदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, जाईल. पहिला महिना पायांना फोड येतात, बूट आत्ताच रोज तासभर घालून चालायची सवय लावा. फुटाळ्याला एक चक्कर मारली तरी पुरे.